बोलण्याचा केसपेपर

आपल्याकडे मनाची तक्रार दवाखान्यात सहसा मनाच्या नावाने येत नाही. ती छातीतल्या धडधडीच्या, पोटातल्या गोळ्याच्या, हातापायांतल्या मुंग्यांच्या आणि 'डॉक्टर, झोपच लागत नाही हो' या वाक्याच्या रूपाने येते. नाशिकच्या कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत कोणत्याही फॅमिली डॉक्टरांच्या बाकावर संध्याकाळी तासभर बसले, तर अशी दोन-तीन माणसे सहज दिसतात. त्यांचा ईसीजी निघतो, तो नॉर्मल येतो, ॲसिडिटीची गोळी मिळते आणि दाराशी पोहोचता पोहोचता 'टेन्शन घेऊ नका' हा सल्ला कानावर पडतो. हा सल्ला वाईट नाही, पण टेन्शन न घेणे म्हणजे नेमके काय करायचे हे सांगायला त्या डॉक्टरांकडे वेळ नसतो, कारण बाहेर वीस पेशंट खोळंबलेले असतात. ते सांगण्याचेच काम ज्यांना नेमून दिलेले आहे अशी माणसे आपल्या जिल्ह्यात सरकारी खर्चाने बसलेली आहेत, आणि तरीही त्यांच्यापर्यंत पोहोचलेला माणूस आपल्या ओळखीत क्वचितच सापडतो.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात हिशेब पाहतो. माझा त्रास ऐकणाऱ्याला हसू यावे असा होता, कारण मला फोनची भीती वाटू लागली होती. टेबलावरचा मोबाइल थरथरला की पोटात खड्डा पडायचा, पडद्यावर बँकेचे किंवा कर सल्लागारांचे नाव दिसले की मी तो उलटा ठेवायचो, आणि न उचललेल्या त्या फोनचा विचार मग रात्री अडीचला मला उठवून बसवायचा. दिवसा मी कामाला जात होतो, भाजी आणत होतो, लग्नांना हजेरी लावत होतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही बिघडलेले दिसत नव्हते, आणि सौम्य ते मध्यम स्वरूपाच्या चिंतेचे किंवा नैराश्याचे हेच लक्षण असते, की माणूस चालता-बोलता राहतो, मात्र प्रत्येक गोष्टीला दुप्पट ताकद लागते. खासगी समुपदेशकांची चौकशी केली तेव्हा एका बैठकीला हजार रुपये सहज लागतील आणि बैठका दर आठवड्याला असतील असे कळले. महिन्याचा आकडा डोळ्यांपुढे आला आणि तो विषय तिथेच थांबला.

सरकारी व्यवस्थेची रचना कागदावर तरी चांगली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला, आणि मोठ्या मनोरुग्णालयांवर सगळा भार न टाकता उपचार जिल्ह्यापर्यंत न्यावेत यासाठी १९९६ मध्ये त्यातून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्यानुसार जिल्हा पातळीवर मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोसामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असे पथक अपेक्षित असते, ते ओपीडी चालवते आणि तालुक्याच्या ठिकाणीही जाते. पुढे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला. त्याच्या अठराव्या कलमाने सरकारी निधीतून चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आणि तेविसाव्या कलमाने रुग्णाच्या माहितीची गोपनीयता बांधून दिली. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचारांना पैसेच लागत नाहीत. तेव्हा नाशिककर ज्याला नुसते 'सिव्हिल' म्हणतात तिथे मनाच्या तक्रारीसाठी जाणे हे हाडाच्या किंवा डोळ्याच्या तक्रारीसाठी जाण्याइतकेच सरळ असायला हवे.

तसे ते नाही, आणि यात व्यवस्थेचा दोष अर्धाच आहे. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये चार आहेत, येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. यांपैकी पहिल्या दोन गावांची नावे आपण घरातल्या चेष्टेत इतकी घासून गुळगुळीत केली आहेत, की मनाच्या ओपीडीची पायरी चढणे म्हणजे त्या गाडीचे तिकीट काढणे असे आत कुठेतरी पक्के बसलेले असते. मी ज्या सरकारी रुग्णालयात गेलो तिथे केसपेपरच्या खिडकीवर 'काय होतंय?' या प्रश्नाचे उत्तर मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात द्यावे लागले. मी 'झोप' एवढेच म्हणालो. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता मला मेडिसिनकडे पाठवले, तिथून कागद फिरत फिरत योग्य खोलीकडे निघाला, आणि वाटेत फरशी पुसणाऱ्या मावशींनी तो पाहून, 'मनाचे डॉक्टर ना? त्या टोकाला, डावीकडं. आज गर्दी नाही, जा पटकन,' असे सांगितले. त्या इमारतीत त्या दिवशी माझ्याशी सर्वांत सहजपणे बोललेली व्यक्ती तीच होती.

म्हणून जाणाऱ्याला माझे एवढेच सांगणे आहे की खिडकीवर आडवळणाने बोलू नये. 'मानसोपचार ओपीडी' असे दोन शब्द स्वच्छ उच्चारावेत, म्हणजे निम्मी पायपीट वाचते. शक्य असेल तर बरोबर कोणीतरी असावे. ज्याला अंघोळ करणेसुद्धा जड झाले आहे त्याने एकट्याने रांगेत उभे राहून तीन खोल्या शोधाव्यात ही अपेक्षाच मुळात उलटी आहे, कारण त्यासाठी जी उमेद लागते तीच त्या आजाराने काढून घेतलेली असते. माझ्याबरोबर पत्नी आली होती. ती आत आली नाही, बाहेर बाकावर बसून तिने मेथीची जुडी निवडली, पण ती तिथे बसलेली आहे एवढ्यानेच मी रांग सोडून परत फिरलो नाही.

पहिल्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांनी मनाचे काही विचारण्याआधी रक्ततपासणी लिहून दिली. त्याचे कारण मला नंतर समजले. थायरॉइड जास्त काम करू लागले तर धडधड, घाम आणि अस्वस्थता येते, कमी झाले तर मरगळ आणि उदासी येते, आणि ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही माणूस असाच खचल्यासारखा दिसतो. हे आधी बाजूला काढले नाही, तर महिनोन्महिने बोलून उपयोग नसतो. मग समुपदेशक बाईंनी दोन छापील प्रश्नावल्या पुढे ठेवल्या. एक नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची, दुसरी चिंतेसाठी सात प्रश्नांची, आणि दोन्हींत विचारायचे एकच, की गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला. अजिबात नाही याला शून्य, जवळजवळ रोज याला तीन. पहिलीची बेरीज सत्तावीसपर्यंत जाते, दुसरीची एकवीसपर्यंत. नवव्या प्रश्नात मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारलेले असते, आणि तो वाचून दचकायचे कारण नाही, कारण तो प्रत्येकालाच विचारतात. हिशेबनिसाला आकडा समोर आला की बरे वाटते. माझा त्रास एका बेरजेत बसतो आणि ती बेरीज पुढे कमी होऊ शकते, ही कल्पनाच मला त्या दिवशी पुरेशी होती. गोळी मात्र लगेच दिली नाही. 'आधी काही आठवडे बोलून काम करू, आकडा हलला नाही तर गोळीचा विचार करू,' असे ठरले.

इथे एक गैरसमज आहे, आणि तो माझाही होता. बोलण्याचा उपचार म्हणजे कोणीतरी सहानुभूतीने ऐकून घेणार, आपण मन मोकळे करणार आणि हलके होऊन घरी येणार, असे आपल्याला वाटते. तसे मन मोकळे करायला नाशिकमध्ये गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, संध्याकाळी आहेत, मित्र आहेत, भजनी मंडळे आहेत, आणि त्यांची किंमत मी कमी मानत नाही. पण हा उपचार वेगळा आहे. हाड जुळल्यावर फिजिओथेरपीवाला जसा दुखऱ्या सांध्याला रोज थोडे थोडे वाकवायला लावतो, तसे इथे मनाला व्यायाम देतात, आणि तो करायचा असतो घरी. बैठक अर्ध्या-पाऊण तासाची, तिची पहिली दहा मिनिटे 'दिलेले केले का?' यात जातात, आणि केलेले नसेल तर का केले नाही हाच त्या दिवसाचा विषय होतो.

माझ्या फोनचे उदाहरण सांगतो. बाईंनी पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखले. पहिल्यात फोन कोणाचा आणि कधी, दुसऱ्यात तो वाजताना डोक्यात आलेले वाक्य जसेच्या तसे, तिसऱ्यात भीती शंभरपैकी किती, आणि चौथा रकाना मोकळा, जो फोन झाल्यानंतर भरायचा, त्यात प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे. पहिल्या आठवड्यात उचलण्यासाठी सोपे फोन निवडायचे होते, कुरिअरवाला, गॅस एजन्सी, मेहुणा. बँक नंतर. फोन वाजला की तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा, कारण जितका वेळ थांबू तितकी भीती चढते आणि न उचलता ती उतरली की मन शिकते की न उचलणे हाच उपाय आहे. दुसऱ्या रकान्यात माझी वाक्ये अशी होती: 'खाते गोठवले असणार', 'साहेबांना कळणार', 'आता नोकरी जाणार'. चौथ्या रकान्यात पुढे लिहिले गेले ते असे: 'केवायसीची कागदपत्रे मागितली', 'चुकून लागला', 'दिवाळीच्या शुभेच्छा'. एकदा खरोखरच एका चलनाची तफावत निघाली आणि दोन दिवस ओव्हरटाइम बसावे लागले, तेही लिहिले. बाईंचा रस त्या एका नोंदीत अधिक होता. 'वाईट झालं, आणि तुम्ही ते निस्तरलंत. हे कुठल्या रकान्यात आहे?' असे त्यांनी विचारले. त्यासाठी आम्ही पाचवा रकाना आखला.

रात्री अडीचच्या जागरणावर दिलेला उपाय तर मला सुरुवातीला पोरकट वाटला. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा ही काळजी करण्याची वेळ ठरवायची, वही घेऊन बसायचे आणि मन लावून काळजी करायची. इतर वेळी काळजी आली की तिला संध्याकाळची वेळ द्यायची. दाबून टाकायची नाही, फक्त पुढे ढकलायची. पुष्कळदा साडेसहापर्यंत लिहायला काही उरत नाही. उदासीच्या रुग्णांना दिला जाणारा व्यायाम याहून वेगळा असतो. आवड परत येईल मग काम करू असे न म्हणता आधी छोटे काम ठरवून करायचे, आवड मागून येते. या सगळ्याची मुळे अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक यांनी १९५० आणि १९६०च्या दशकांत मांडलेल्या पद्धतींत आहेत, आणि एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती, म्हणजे विचार तपासून भावना बदलण्याची रीत, मराठी वाचकाला मुळीच परकी नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात उभ्या केलेल्या संस्थेमुळे आणि अशा इतर प्रयत्नांमुळे ती आपल्याकडे दिवाळी अंकांपर्यंत पोहोचलेली आहे. रुग्णालयाच्या त्या टोकाच्या खोलीपर्यंत मात्र आपण तिच्यासाठी जात नाही.

हा उपचार थोड्याच बैठकांचा असतो, म्हणजे ही गरिबांसाठी केलेली काटछाट, अशी शंका मी बाईंना बोलून दाखवली होती. त्यांनी गोव्याचे नाव घेतले. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगत' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांकडून तीव्र स्वरूपाच्या नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा असाच उपचार दिला. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. श्रीमंत देशांतही चित्र याहून फार निराळे नाही. इंग्लंडने २००८ पासून चिंता आणि नैराश्यासाठी देशभर मोफत बोलण्याचा उपचार सुरू केला. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय माणूस स्वतः नाव नोंदवू शकतो, आणि तिथेही बैठका मोजक्याच असतात आणि जवळजवळ प्रत्येक बैठकीला त्याच दोन प्रश्नावल्या भरून घेतात. मला हेवा वाटतो तो त्यांच्या उपचाराचा नाही, स्वतः नाव नोंदवण्याच्या सोयीचा आणि थांबायची मुदत जाहीर असण्याचा. १०० पैकी ७५ जणांचा उपचार सहा आठवड्यांत सुरू व्हावा असे उद्दिष्ट तिथे लिहून ठेवलेले आहे. आपल्याकडे पुढची तारीख मिळते ती केसपेपरच्या मागे पेन्सिलने.

पैसे लागत नाहीत म्हणजे फुकट पडते असेही नाही. सातपूरच्या कंत्राटी कामगाराला सकाळच्या ओपीडीसाठी अर्धा दिवस मोडावा लागतो, आणि मोडलेल्या अर्ध्या दिवसाची पूर्ण हजेरी जाते. सुरगाणा-पेठकडून येणाऱ्याचा तर सगळा दिवस एसटीत जातो. अशांसाठी १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक मला अधिक खरा दरवाजा वाटतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही केंद्र सरकारची सेवा दिवसरात्र चालते, मराठीतून बोलता येते, पैसे लागत नाहीत, आणि गरज दिसली तर समुपदेशक तज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्याच्या पथकाकडे पाठवतात. पण फोनलाही जागा लागते. सिडकोतल्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन मुले आणि रात्रपाळीहून येऊन झोपलेला नवरा असताना आमच्या ओळखीतली एक बाई बोलणार कुठे? ती 'चालायला जाते' असे सांगून उद्यानात जाते आणि फेऱ्या मारता मारता बोलते. कोणी ओळखीचे समोरून आले, तर आवाज बदलून 'हो हो, डाळ भिजत घातलीय' असे म्हणते, आणि पलीकडची व्यक्ती आता सरावाने तेवढा वेळ थांबते.

या उपचाराच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. निफाडच्या बागेवर अवकाळी पाऊस पडून तयार घड तडकले, किंवा लासलगावला कांद्याने वाहतूक खर्चही दिला नाही, तर त्या माणसाची झोप उडणे हा विचारांचा दोष नव्हे. चांगला समुपदेशक अशा वेळी विचार तपासायला सांगत नाही. तो प्रश्नांची वाटणी करायला लावतो, आज हातात असलेले एका बाजूला आणि नसलेले दुसऱ्या बाजूला, आणि पहिल्यातले एक काम या आठवड्यासाठी ठरवतो, मग ते बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज देणे असो की भावाला खरा आकडा सांगणे असो. कर्ज त्याने फिटत नाही. तसेच, ज्याला भास होतात, ज्याची झोप उडूनही उत्साह आवरत नाही, ज्याचे दारूशिवाय चालत नाही किंवा ज्याच्या मनात मरणाचे विचार घर करून आहेत, त्याने थोड्या बैठकांवर विसंबू नये. त्याला मानसोपचारतज्ज्ञ आणि बहुधा औषधेही लागतात, आणि आत्महत्येच्या विचारात तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायला हवे. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक अजूनही अशी गोष्ट दडवतात, म्हणून सांगतो, की २०१७च्या कायद्याचे ११५वे कलम असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरते आणि उलट सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा करता येत नाही.

माझ्या बाबतीत कुरबुर करण्याजोगे एवढेच, की खोलीत दोन समुपदेशकांच्या मध्ये प्लायवूडचा आडोसा होता आणि पलीकडच्या माणसाची गोष्ट मला नको असताना कळली. गोपनीयतेचे कलम कायद्यात आहे, पण प्लायवूड छतापर्यंत पोहोचत नव्हते. शिवाय मधेच एका महिन्यात बाईंचे कंत्राट संपले म्हणून नवे समुपदेशक आले आणि पहिल्यापासून सांगण्याची वेळ आली. चार रकान्यांचे कागद मी जपून ठेवले होते म्हणून ते सांगणे लवकर आटोपले. कंत्राटावरच्या पदांनी चालणाऱ्या सेवेत रुग्णाने आपली फाइल आपल्याकडे ठेवावी हे बरे. आणि ज्यांना परवडते म्हणून खासगीत जायचे आहे त्यांनी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. गंगापूर रोडवर समुपदेशनाच्या पाट्या वाढल्या आहेत आणि पाटी लावायला नोंदणी लागतेच असे नाही.

शेवटच्या बैठकीत नव्या समुपदेशकांनी पुढचा एक कागद करून घेतला, 'परत सुरू झाले तर' अशा मथळ्याचा. माझ्या बाबतीत ते कशाने ओळखायचे हे मीच लिहायचे होते. मी लिहिले: मोबाइल उलटा ठेवणे, रविवारी संध्याकाळी पोट बिघडणे, पत्नीला 'काही नाही' असे दोनदा म्हणणे. त्याखाली काय करायचे तेही लिहिले, आधी रकाने, मग संध्याकाळची काळजीची वेळ, आणि दोन आठवड्यांत उतार नसेल तर ओपीडी. गेल्या उन्हाळ्यात कराची एक नोटीस आली त्या आठवड्यात मोबाइल पुन्हा उलटा दिसू लागला. तो माझ्या आधी पत्नीच्या लक्षात आला. आम्ही कागद काढला, रकाने आखले, आणि मी त्याच जुन्या केसपेपरवर पुढच्या गुरुवारची तारीख घेतली.